वेगळ्या पायात संख्या लिहिताना आणि तपासताना या चुका टाळा

१११ ही तीन चिन्हं घ्या. प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या किती पट, हे पाया सांगतो; रोजच्या लिहिण्यात तो दहा असतो. दहा पायात ती ३ × ३७ आहेत, म्हणजे संयुक्त संख्या. पाच पायात २५ + ५ + १ = ३१, ही मूळ संख्या. सात पायात ४९ + ७ + १ = ५७, पुन्हा संयुक्त. अठरा पायात ३२४ + १८ + १ = ३४३, म्हणजे चक्क ७ चा घन.

आता उलट बाजूनं एकच संख्या घ्या. ४११ घेऊ, पुण्याच्या पिनकोडचे पहिले तीन अंक. सात पायात ती ११२५ होते, दोन पायात ११००११०११, बारा पायात २:१०:३ (ठिपके अंक वेगळे करतात, मधला अंक दहा आहे). पण कोणत्याही पायात लिहा, ती ३ × १३७ च राहते आणि विषमच राहते.

मूळ असणं, सम-विषम असणं, पूर्ण वर्ग असणं, ७ नं भागल्यावर उरणारी बाकी, हे सगळे संख्येचे गुण. शेवटचा अंक, अंकांची संख्या, अंकांची बेरीज, उलटसुलट वाचून तीच राहणं, हे लिहिण्याचे गुण. विभाज्यतेच्या कसोट्या या दोघांना जोडतात आणि म्हणूनच पाया बदलला की कसोट्याही बदलाव्या लागतात. पुण्यात गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे आयओक्यूएमची, तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्यांत दिसणाऱ्या बहुतेक चुका इथेच जन्म घेतात. खाली पाया कंसात दिला आहे: ११२५ (पाया ७). वहीतही प्रत्येक ओळीत पाया लिहायची सवय ठेवा. अर्ध्या पानानंतर ‘२५’ म्हणजे पंचवीस की एकोणीस, हे आठवणीवर सोडणं धोक्याचं आहे.

बाक्या उलट्या क्रमानं लिहिणं, आणि शून्य गाळणं

४११ सात पायात नेताना ७ नं भागत जायचं:

४११ = ७ × ५८ + ५
५८ = ७ × ८ + २
८ = ७ × १ + १
१ = ७ × ० + १

बाक्या खालून वर वाचायच्या: ११२५. वरून खाली वाचल्या तर ५२११ येतं आणि त्याची किंमत १८२१ आहे. पहिली बाकी एकक स्थानाची असते, कारण ७ च्या पटी बाजूला काढल्यावर जे सुटं उरतं तेच एकक. हे कारण डोक्यात असेल तर क्रम चुकत नाही.

दुसरी चूक म्हणजे भागाकार १ आला की थांबणं. भागाकार ० येईपर्यंत थांबायचं नाही. शेवटची ओळ सोडली तर १२५ (पाया ७) उरतं, म्हणजे फक्त ६८.

तिसरी चूक पकडायला सगळ्यांत अवघड आहे. ३५२ भागताना बाक्या २, १, ०, १ येतात, म्हणून उत्तर १०१२ (पाया ७). बाकी शून्य आली की ‘काही उरलं नाही’ म्हणून ती लिहिलीच जात नाही आणि ११२ उरतं, ज्याची किंमत ५८ आहे.

पडताळा कसा घ्यायचा? बरेच जण अंकांची बेरीज करून बघतात. सात पायात संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ६ नं भागल्यावर बाकी सारखी येते. ४११ ची बाकी ३; १ + १ + २ + ५ = ९, तिचीही ३. पण ५२११ च्या अंकांची बेरीजही ९ च आहे आणि शून्य गाळल्यानं बेरीज बदलत नाही. म्हणजे वरच्या पहिल्या आणि तिसऱ्या चुकीला ही कसोटी पूर्णपणे आंधळी आहे.

खरा पडताळा डावीकडून उलट चढण्याचा. ११२५ साठी: १ पासून सुरू करा, ७ नं गुणा, पुढचा अंक मिळवा. १ × ७ + १ = ८. ८ × ७ + २ = ५८. ५८ × ७ + ५ = ४११. मध्ये आलेले १, ८, ५८ हे आकडे भागाकाराच्या पायऱ्यांत आधीच आहेत, फक्त खालून वर. एखादी पायरी जुळली नाही तर चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे तेही कळतं. यात सातचे घात पाठ असण्याची गरजच पडत नाही.

‘१०’ ला दहा म्हणणं आणि दहाचे पाढे वापरणं

सात पायात १० म्हणजे सात. मोठ्यानं वाचताना ‘एक-शून्य’ म्हणा. ‘दहा’ म्हटलं की पुढचा हिशोब नकळत दशमानात सरकतो. सात पायात ७, ८, ९ ही चिन्हं नसतातच. उत्तरात ७ दिसला तर पुढं तपासायची गरज नाही, हातचा राहिला आहे.

गुणाकारात ही चूक हमखास होते. २५ × ४ (पाया ७) करताना ‘पाच चोक वीस, शून्य लिहा, हातचे दोन’ असं म्हणून उत्तर १०० येतं. बरोबर रीत अशी: पाच चोक वीस, वीस म्हणजे दोन साते आणि सहा, सहा लिहा, हातचे दोन. दोन चोक आठ आणि दोन दहा, दहा म्हणजे एक सात आणि तीन. तीन लिहा, हातचा एक. उत्तर १३६ (पाया ७). दशमानात १९ × ४ = ७६ आणि ४९ + २१ + ६ = ७६, जुळलं. पाढा दशमानात म्हणायला हरकत नाही, मात्र लिहिण्याआधी प्रत्येक वेळी सातांत मोडायचा.

वजाबाकीत शेजाऱ्याकडून घेतलेला एक हा सातचा असतो. ३० − ४ (पाया ७) चं उत्तर २३ आहे, २६ नाही.

शेवटचा अंक बघून सम-विषम ठरवणं

१२ (पाया ७) ही संख्या ९ आहे, म्हणजे विषम. १३ (पाया ७) ही १० आहे, म्हणजे सम. शेवटच्या अंकावरून सम-विषम कळतं ते पाया सम असेल तरच. दहाची प्रत्येक पट सम असते, म्हणून दशमानात फक्त एकक बघून भागतं. सातचा प्रत्येक घात विषम आहे, म्हणून प्रत्येक विषम अंक आपापला एक विषम वाटा टाकतो. विषम पायात अंकांची बेरीज सम तर संख्या सम, एवढाच नियम.

विभाज्यतेच्या कसोट्या एका पायातून दुसऱ्यात उचलून नेणं

‘अंकांची बेरीज ९ नं भागली तर संख्या ९ नं भागते’ हा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो की ४५ (पाया ७) दिसताच ९ चा शिक्का बसतो. ती संख्या ३३ आहे.

नियम कुठून येतो ते बघितलं की तो कोणत्याही पायात स्वतः तयार करता येतो. ७ ला ६ नं भागलं की बाकी १. ४९ ची १, ३४३ चीही १. म्हणून ६ च्या हिशोबात प्रत्येक स्थानाची किंमत १ होते आणि संख्या म्हणजे नुसती अंकांची बेरीज. ही गोष्ट ‘पाया वजा एक’ला आणि त्याच्या विभाजकांना लागू आहे. तसंच ७ ला ८ नं भागलं तर बाकी ‘वजा एक’ धरता येते, ४९ ची अधिक एक, ३४३ ची वजा एक. म्हणून ‘पाया अधिक एक’ साठी उजवीकडून एकाआड एक अधिक-वजा करत बेरीज घ्यायची. आणि पायाच्या स्वतःच्या विभाजकांसाठी शेवटचा अंक पुरतो.

सात पायात शेवटचा अंक फक्त ७ बद्दल बोलतो. अंकांची बेरीज २, ३ आणि ६ बद्दल. अधिक-वजा बेरीज २, ४ आणि ८ बद्दल. बारा पायात शेवटचा अंक २, ३, ४ आणि ६ अशा चौघांची साक्ष देतो, पण अंकांची बेरीज फक्त ११ ची आणि अधिक-वजा बेरीज फक्त १३ ची. ५ आणि ७ साठी बारा पायात यांतली एकही साधी कसोटी नाही. तेरा पायात चित्र उलटं: शेवटच्या अंकावरून १३ सोडून काही कळत नाही, पण अंकांच्या बेरजेवरून २, ३, ४, ६ आणि १२ सगळे तपासता येतात.

अधिक-वजा बेरीज रूपांतराच्या पडताळ्यालाही वापरता येते. ३५२ ला ८ नं निःशेष भाग जातो; १०१२ साठी २ − १ + ० − १ = ०, बरोबर. शून्य गाळलेल्या ११२ साठी २ − १ + १ = २, चूक लगेच पकडली गेली. ११२५ ची बेरीज ५ − २ + १ − १ = ३ आणि ४११ ची ८ नं भागून बाकी ३. उलट लिहिलेल्या ५२११ साठी १ − १ + २ − ५ = −३, म्हणजे बाकी ५; इथेही चूक सापडली. पण अंकांची संख्या विषम असेल, उदाहरणार्थ तीन किंवा पाच अंक, तर उलट क्रमानंही हीच बेरीज येते आणि कसोटी काही सांगत नाही. तिथं डावीकडून चढण्याचाच पडताळा हवा.

याच विचाराचा एक मोठा उपयोग दशमानातच आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडले की आपण तिला १००० पायात लिहिलेलं असतं. पाया अधिक एक = १००१ = ७ × ११ × १३. पाया वजा एक = ९९९ = २७ × ३७. म्हणजे गटांच्या अधिक-वजा बेरजेवरून ७, ११, १३ आणि गटांच्या साध्या बेरजेवरून २७, ३७ तपासता येतात.

डेक्कन जिमखान्याचा पिनकोड ४११००४ घ्या. गट दोन: ४११ आणि ००४. अधिक-वजा बेरीज ४ − ४११ = −४०७. आता ४०७ = ११ × ३७. इथे घाई करणारे म्हणतात की संख्या ११ नंही भागते आणि ३७ नंही. ११ चं बरोबर आहे: ४११००४ = ११ × ३७३६४. ३७ चं मात्र साफ चूक. अधिक-वजा बेरीज ३७ बद्दल काहीही सांगत नाही, कारण ३७ हा १००१ चा विभाजक नाही. ३७ साठी साधी बेरीज घ्यायची: ४११ + ४ = ४१५ आणि ४१५ ला ३७ नं भागून बाकी ८. म्हणून ४११००४ ला ३७ नं भागल्यावर बाकी ८ उरते. कसोटीतून मिळालेली संख्या मूळ संख्येच्या जागी वापरता येते, पण ज्या विभाजकासाठी कसोटी बनली आहे त्याच्यापुरतीच.

क्रमगुणिताच्या शेवटी किती शून्यं, हा प्रश्नही याच घरातला. दशमानात ५ मोजले की काम होतं, म्हणून बारा पायात ‘मोठा मूळ अवयव ३, तोच मोजा’ असं केलं जातं. ९! मध्ये ३ चा चौथा घात आहे, म्हणून उत्तर चार शून्यं असं वाटतं. पण १२ = २ × २ × ३. एका शून्यासाठी दोन ‘दोन’ लागतात. ९! मध्ये २ चा सातवा घात आहे, त्यातून तीनच जोड्या होतात. बरोबर उत्तर तीन शून्यं: ३६२८८० = १७२८ × २१० आणि २१० ला १२ नं भाग जात नाही. पायाचे सगळे मूळ अवयव घातांकांसह तपासा, त्यांतला सगळ्यांत कमी पुरणारा उत्तर ठरवतो. आठ पायात तर ८ = २ × २ × २ म्हणून २ चा घातांक ३ नं भागायचा असतो; १०! मध्ये तो ८ आहे, शून्यं दोनच.

‘ही वर्गसंख्या असूच शकत नाही’

शाळेत शिकवलेला नियम: शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर पूर्ण वर्ग नाही. हा दहा पायाचा नियम आहे. सात पायात वर्गांच्या शेवटी ०, १, २ आणि ४ एवढेच अंक येतात. म्हणजे शेवटी २ असलेला वर्ग तिथं अगदी नेहमीचा (९ = १२, पाया ७) आणि ३, ५, ६ अशक्य. आठ पायात फक्त ०, १, ४. पाया बदलला की ० पासून ‘पाया वजा एक’ पर्यंतच्या अंकांचे वर्ग करून बाक्यांची यादी नव्यानं काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यांत सुंदर फसगत एककांच्या रांगेची. दशमानात ११, १११, ११११ यांपैकी कोणतीच संख्या पूर्ण वर्ग नाही: शेवटचे दोन अंक ११ असल्यानं ४ नं भागून बाकी ३ उरते आणि कोणत्याही वर्गाला तशी बाकी येत नाही. हा युक्तिवाद तसाच सात पायात नेला जातो. पण ११११ (पाया ७) = ३४३ + ४९ + ७ + १ = ४०० = २० × २०. आणि पाच एकांची ११११‌१ (पाया ३) = ८१ + २७ + ९ + ३ + १ = १२१ = ११ × ११.

याउलट काही ओळखी खरोखरच पायावर अवलंबून नाहीत. १२१ प्रत्येक पायात वर्ग आहे, कारण ती ‘पाया अधिक एक’चा वर्ग. १४४ ही ‘पाया अधिक दोन’चा वर्ग. १००१ ला ‘पाया अधिक एक’नं नेहमी भाग जातो. १०१०१ दोन पायापासून पुढं कुठेच मूळ नसते. इथे चूक वेगळी होते: ‘प्रत्येक पायात’ म्हणताना अंक त्या पायात बसतात का हे विसरलं जातं. १२१ साठी पाया किमान ३ हवा, १४४ साठी किमान ५.

पाया शोधायच्या गणितात हेच बंधन उत्तर ठरवतं. समजा दिलंय: २४ × ३ = १३२, पाया कोणता? पाया ‘प’ धरला तर ६प + १२ = प × प + ३प + २, म्हणजे प × प − ३प − १० = ०. उत्तरं ५ आणि −२. पाच पायात १४ × ३ = ४२, बरोबर. −२ हे उत्तर ‘पाया ऋण नसतो’ म्हणून खोडलं जातं. खोडायचंच आहे, पण कारण ते नाही. −२ पाया असतो, मात्र त्यात ० आणि १ हे दोनच अंक चालतात आणि इथे ४, ३, २ आलेत.

ऋण पायात नेहमीचा भागाकार करणं

पाया −२ असेल तर स्थानांच्या किमती उजवीकडून १, −२, ४, −८, १६ अशा जातात. मग प्रत्येक पूर्णांक, ऋणसुद्धा, वजाचिन्हाशिवाय लिहिता येतो: −१ म्हणजे ११, २ म्हणजे ११०, −३ म्हणजे ११०१. इटलीच्या व्हित्तोरियो ग्रुन्वाल्डनं १८८५ मध्येच ही पद्धत मांडली होती.

चूक होते बाकीत. बाकी ० किंवा १ च असली पाहिजे, ऋण कधीच नाही. ७ साठी पायऱ्या:

७ = (−२) × (−३) + १
−३ = (−२) × २ + १
२ = (−२) × (−१) + ०
−१ = (−२) × १ + १
१ = (−२) × ० + १

उत्तर ११०११; १६ − ८ − २ + १ = ७. दुसऱ्या ओळीत बहुतेक जण −३ = (−२) × १ − १ लिहितात आणि अडकतात. बाकी −१ आली तर बाकीत २ मिळवा आणि भागाकारात १ मिळवा. संगणकावरही हीच दुरुस्ती लागते. सी भाषेत आणि पायथॉनमध्ये ऋण भागाकाराचे नियम वेगळे आहेत: ७ भागिले −२ ला सी −३ आणि बाकी १ देते, पायथॉन −४ आणि बाकी −१. वरची दुरुस्ती दोन्हीकडे बरोबर चालते.

बेरजेत हातचा ऋण असतो. बेरीज २ आली तर ० लिहा, हातचा −१; ३ आली तर १ लिहा, हातचा −१; −१ आली तर १ लिहा, हातचा +१. ‘अंक जास्त ती संख्या मोठी’ हा नियमही इथे सोडा: ११०१ ही १ पेक्षा लहान आहे. अंकांची संख्या विषम तर संख्या धन, सम तर ऋण.

आणि पाया −१० मध्ये एक देखणी अदलाबदल होते. तिथे दहा ही संख्या १९० अशी लिहितात (१०० − ९०) आणि अठरा १९८. पाया वजा एक = −११, पाया अधिक एक = −९. म्हणून साध्या बेरजेवरून ११ तपासायचे आणि अधिक-वजा बेरजेवरून ९. १९८ साठी ८ − ९ + १ = ०, म्हणजे ९ नं भाग जातो. साधी बेरीज १८. ९ चा जुना नियम लावला तर उत्तर योगायोगानं बरोबर येतं, आणि असे योगायोग चुकीचा नियम पक्का करतात. १९० वर नवे नियम लावा: बेरीज १०, ११ नं भागून बाकी १० हे बरोबर आहे. अधिक-वजा बेरीज ० − ९ + १ = −८, म्हणजे ९ नं भागून बाकी १, तेही बरोबर.

−१, ० आणि १ एवढेच अंक असलेला तीन पाया

मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये बांधलेला सेतुन संगणक या पद्धतीवर चालायचा. दोन पारड्यांच्या तराजूत १, ३, ९, २७ एवढ्या चार वजनांनी १ ते ४० किलोपर्यंतचं कोणतंही पूर्ण वजन मोजता येतं तेही याचमुळे: −१ म्हणजे वजन मालाच्या पारड्यात. रूपांतरात बाकी २ आली की तिथे −१ लिहून भागाकारात १ वाढवायचा, हे विसरलं जातं. २५ साठी: २५ = ३ × ८ + १; ८ = ३ × ३ − १; ३ = ३ × १ + ०; १. म्हणजे २७ − ३ + १.

प्रत्येक स्थानाचा पाया वेगळा असताना एकाच संख्येनं भागणं

१ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया १६ आण्यांचा आणि आणा १२ पैंचा होता. २ रुपये ५ आणे ७ पै म्हणजे ३८४ + ६० + ७ = ४५१ पै. उलट जाताना आधी १२ नं भागायचं, मग १६ नं. क्रम उलटा केला तर सगळंच बिघडतं. क्रमगुणित पायातही (स्थानांच्या किमती १, २, ६, २४, १२०) तसंच: आधी २, मग ३, ४, ५ असं भागत जायचं. ४११ साठी बाक्या १, १, ०, २, ३ आणि लेखन ३:२:०:१:१, कारण ३६० + ४८ + ० + २ + १. विसर्गासारखे ठिपके इथे आवश्यक आहेत. ते गाळले तर बारा पायात १५ म्हणजे ‘एक आणि पाच’, की साठ पायात पंधरा हा एकच अंक, हे सांगता येत नाही.

हर्षद, कापरेकर आणि पाया

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. त्यांनी शोधलेले बहुतेक गुण अंकांवर आधारलेले, म्हणजे लेखनाचे आहेत, आणि म्हणून पाया सांगितल्याशिवाय ते अपुरे राहतात. अंकांच्या बेरजेनं भागली जाणारी ती हर्षद संख्या. २० दशमानात हर्षद आहे (बेरीज २). सात पायात ती २६, बेरीज ८, आणि २० ला ८ नं भाग जात नाही. प्रत्येक पायात हर्षद राहणाऱ्या संख्या चारच: १, २, ४ आणि ६.

अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, पुन्हा तेच करा. दशमानात चार अंकांना ६१७४ आणि तीन अंकांना ४९५ मिळतं (सगळे अंक सारखे नसावेत). हाच आकडा दुसऱ्या पायात शोधत बसू नका. तीन अंकांसाठी आठ पायात ३७४ येतं. सात पायात कोणतीही एक संख्या स्थिर राहत नाही: ६४२ − २४६ = ३६३ आणि ६३३ − ३३६ = २६४, मग पुन्हा ३६३. वजाबाकी चुकली असं समजून पानं खोडू नका. विषम पायात तीन अंकी संख्या अशीच दोघांत फिरत राहते. खरी चूक इथे वेगळी असते, ती म्हणजे पुढचं शून्य टाकून देणं. १०० − ००१ = ०९९. हे ९९ धरलं तर ९९ − ९९ = ० होऊन खेळ संपतो. ०९९ ठेवलं तर ९९० − ०९९ = ८९१ आणि पुढं ७९२, ६९३, ५९४, ४९५.

उलटसुलट सारख्या संख्यांबाबत एक इशारा. ‘४११ कोणत्या तरी पायात उलटसुलट सारखी आहे का’ या प्रश्नाला काही अर्थ नाही, कारण ४१० पायात ती ११ आहे. ३ पासून पुढच्या प्रत्येक संख्येला हे लागू. प्रश्नात पाया ‘संख्या वजा दोन’ पर्यंतच धरा. मग ११, १९, ४७ अशा मोजक्या संख्या उरतात ज्या कुठेच तशा दिसत नाहीत, आणि ६ पेक्षा मोठ्या अशा सगळ्या संख्या मूळ असतात.

संगणकावर

पायथॉनमध्ये ‘इंट’ला मजकूर आणि पाया दिला की किंमत मिळते, पाया २ ते ३६ चालतो. देवनागरी अंकही त्याला कळतात, ‘१२’ आणि पाया ७ दिला तर उत्तर नऊच येतं. सी भाषेत आकड्याआधी शोभेसाठी शून्य लावू नका: ०१० तिथे आठ पायात वाचलं जातं, म्हणजे ८. एक्सेलचं ‘बेस’ हे सूत्र ऋण संख्या घेत नाही, आणि त्याचं उत्तर मजकूर असतं. त्यावर ‘+’ नं थेट बेरीज केली तर एक्सेल ते दशमान समजून जोडतं. आधी ‘डेसिमल’नं परत फिरवा.

अंकांची संख्या काढायला लॉगरिदम वापरू नका. पायथॉनच्या ‘मॅथ.लॉग’ला १००० आणि पाया १० दिला तर लॉग २.९९९९९९९९९९९९९९९६ येतो, अपूर्णांक सोडला की २ उरतात आणि चार अंकी संख्या तीन अंकी ठरते. २४३ आणि पाया ३ लाही तेच होतं: ५ ऐवजी ४.९९९… मिळतात. त्याऐवजी पूर्णांक भागाकार करत जा आणि ० येईपर्यंतच्या पायऱ्या मोजा. ० या संख्येसाठी मात्र वेगळी ओळ लिहा, नाहीतर तिचे अंक शून्य येतील आणि छापताना रिकामी जागा दिसेल.